एकशे त्रेसष्ट

कामिनूमा, अकिता
९ ऑक्टोबर २०१७

चिझुरू,

पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का होता म्हणून तू हे उघडलंस, मला ठाऊक आहे. माझं नाव दिसलं असतं तर थेट बंबात गेलं असतं. तेव्हा आधीच सांगते, हे कामाचं पत्र आहे, बहिणीचं नाही. निर्धास्त वाच.

२००२ साली गावच्या सभागृहात नसांची तपासणी सुरू झाली ती तुला आठवत असेल. दोन दंडांना दोन पट्टे, दोन घोट्यांना दोन, माणूस आडवा, आणि मशीनपाशी मी. हृदयातून निघालेली लाट घोट्यापर्यंत किती वेगानं पोचते ते बघायचं. नस मऊ असेल तर लाट रमतगमत जाते, कडक झाली असेल तर पळत सुटते. आपल्याकडे हिवाळा दरवर्षी चार-दोन माणसं घेऊन जातो. एवढं खारट खाऊन वर बर्फ उपसायचं, दुसरं काय होणार? कोणाचा नंबर कधी लागेल ते आधी ओळखता येतं का, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

यंदा त्याला पंधरा वर्षं झाली. मोरिवाकी डॉक्टर म्हणतात, गावात राहिलेल्यांचेच आकडे धरले तर अभ्यास लंगडा पडेल, गाव सोडून गेलेलेही हवेत. अशी एकशे सहा नावं निघाली. त्यात तुझं एकोणचाळिसावं आहे. बाकीच्या एकशे पाच जणांना छापील पत्र गेलं. तुझ्या वेळी छपाईची शाई संपली होती असं समज.

सोबत फॉर्म आहे. तिकडे एहिमेत, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात हे मशीन असणारच. जाण्याआधी चहा-कॉफी नको, पाच मिनिटं निवांत पडून राहायचं, पट्टे आवळत असताना बोलायचं नाही. हे शेवटचं तुला जड जाईल.

आणि उंची तिथेच मोजून घे. अनवाणी, पाठ ताठ ठेवून. तोंडी सांगू नकोस.

गेनसाकु आजोबा अजून आहेत हो. दारूच्या भट्टीवरून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण तोंड तसंच चालतं. मी त्यांना समजावलं की लाट सावकाश गेली तर चांगलं, तर म्हणाले, "म्हणजे आळशी माणसाच्या नसा उत्तम! फुमियो, हे जरा लिहून दे, बायकोला दाखवतो." त्यांचं वय ऐंशी आणि मशीननं नसांचं वय छापलं त्र्याहत्तर. ती चिठ्ठी खिशात घेऊन गावभर हिंडतायत.

तुझ्या हिसाशींना नमस्कार.

फुमियो
(तपासनीस)


५ नोव्हेंबर २०१७

चिझुरू,

ह्या खेपेला शिक्का नाही, माझंच अक्षर आहे. फेकायचं तर फेक.

एकशे सहापैकी सदुसष्ट फॉर्म आले. ब्राझीलहून एक आला. तू तर समुद्राच्या ह्याच बाजूला आहेस. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हिसाशींनी उचलला आणि म्हणाले, "ती बागेत आहे, ताई." संत्र्यांच्या झाडांना संध्याकाळी सात वाजता कोण पाणी घालतं गं? खोटं बोलताना बिचारे अडखळत होते. त्यांना सांग, तुझ्या माहेरच्यांकडून शिका.

येत्या अकरा तारखेला आईला जाऊन सात वर्षं होतील. तू तिला भेटायला नाही आलीस तरी चालेल, म्हणजे चालणार नाही, पण मी काही म्हणणार नाही. मागच्या अंगणातल्या खोपीत लोणच्याचे मुळे टांगून खालून धूर धरलाय. माळ्यावरच्या आडव्या बांबूला हात पोचायला मला अजून खोकं लागतं. तू नुसता हात वर करायचीस आणि मुळा टांगून मोकळी व्हायचीस. आई आणि तू दोघी मिळून शंभर मुळे तासाभरात लावायच्या, आणि मी खाली बसून दोऱ्या बांधायची. "बुटकीला बसून काम," असं आई म्हणायची. ह्या वर्षी मी वीसच लावले. खाणार कोण? आणि डॉक्टर मीठ सोडा म्हणून सगळ्यांना सांगायला मलाच पाठवतात.

तू मला स्मशानातून परत आल्यावर विचारलंस ते मी विसरले नाही. सगळे नातेवाईक चहाला बसले होते. नोबु काकू लाडू मोडावा तशी तांदळाची मोची मोडत होती. तू उभी राहून विचारलंस, "ताई, पाच वर्षं तू आईला दर मे महिन्यात मोजत होतीस. मग तू काय मोजत होतीस?"

मी म्हणाले, "आकडा चांगला होता."

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. आईचा तो निळा-राखाडी रेघांचा किमोनो तुझ्यासाठी काढून ठेवला होता, तोही नेला नाहीस. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दर डिसेंबरात तुझ्याकडून तिच्या नावानं संत्र्यांची पेटी यायची. ती गेल्यावर पेटी बंद झाली. म्हणजे ती पेटी आईचीच होती, माझी नव्हती, हे मला पहिल्या डिसेंबरात कळलं. वेडीसारखी पंधरा दिवस टपालवाल्याची वाट बघितली.

हे सगळं जाऊ दे. फॉर्म भर. माझ्यासाठी नको, अभ्यासासाठी नको, तुझ्यासाठी भर. तू आईवर गेली आहेस. नाक तिचं, हट्ट तिचा, अंगाचा बांधा तिचा. आतल्या नसाही तिच्याच असणार. तू चोपन्न वर्षांची झालीस.

उंचीचं लक्षात ठेव. त्यांना म्हणावं, पट्टी लावा.

ताई


६ डिसेंबर २०१७

चिझु,

तुझा फॉर्म आज आला.

पाकीट झटकून बघितलं, आत दुसरं काही नव्हतं. चिठ्ठी नाही, 'ताई' नाही. तरी तुझं अक्षर होतं. नावाच्या रकान्यात तू अजून तशीच शेवटची रेघ लांब ओढतेस. मी त्या रेघेवर बोट फिरवत बसले होते, मग मला पुढचं दिसलं.

उंची : १६३. आणि 'मोजली' ह्या चौकटीत काही नाही, 'तोंडी सांगितली' ह्या चौकटीत बरोबरची खूण.

वेग : सतराशे अडुसष्ट. खाली तिथल्या डॉक्टरांचा शेरा : 'मर्यादेत. काळजीचं कारण नाही.'

मी तुला 'छान, जपून राहा' असं कार्ड लिहिलं. टपालपेटीपर्यंत घेऊनही गेले. बर्फ पडत होतं, तशीच उभी राहिले. कार्ड परत आणून फाडलं.

फोन कर. नाहीतर मी केला की उचल. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ताई


१० डिसेंबर २०१७

चिझु,

चार दिवसांत सहा वेळा फोन केला. आता हिसाशींनाही कंटाळा आलाय, ते 'बागेत आहे' म्हणायच्या आधी उसासा टाकतात. तेव्हा लिहिते. हे वाचल्यावर तू मला जन्मात तोंड दाखवणार नाहीस, आणि तो तुझा हक्क आहे. पण वाच. मधेच टाकू नकोस. हात जोडते.

पहिल्या वर्षीची तपासणी. सभागृहात बायकांची रांग. आधी उंची, मग वजन, मग मशीन. उंचीच्या पट्टीपाशीही मीच होते. ठेंगणी म्हणून मला स्टूल दिलं होतं. त्यावर चढून आकडा वाचायचा आणि मोठ्यानं पुकारायचा, टेबलापाशी बसलेल्या बाई तो कार्डावर लिहून घेणार. सगळ्या सभागृहाला ऐकू जायचं. कोणाचं वजन कोणाला कळू नये म्हणून पडदा लावला होता, उंचीला कोण पडदा लावतो? पण आपल्या घरातल्या बायकांना पडदा उंचीलाच हवा होता. आईला आजीनं पहिल्या दिवशीच सुनावलं होतं, "सून आणली की विजेचा खांब आणला?" बाबांपेक्षा चार बोटं उंच म्हणून फोटोत ती कायम बसलेली. चालताना गुडघे वाकवून चालायची, तेही किमोनोच्या आत, कोणाला दिसू नये म्हणून. आणि तुला शाळेत 'बांबू' म्हणायचे.

रांगेत आई पुढे होती, तू तिच्या मागे. आई पट्टीपाशी आली, मी पट्टीची सरकती फळी खाली घेतली. एकशे सत्तर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि गुडघे वाकवले. हळूच म्हणाली, "फुमियो, एकशे त्रेसष्ट म्हण गं. जास्त शोभत नाही." मागे महिला मंडळाच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. मी पुकारलं, "एकशे त्रेसष्ट!" मग तू आलीस. आईचं ऐकून मी तुझंही तेच पुकारलं. नोबु काकू तिथेच बसली होती, तिनं हिसाशींचं स्थळ आणलं होतं आणि त्यांची उंची एकशे पासष्ट होती. मला वाटलं, एका आकड्यानं बहिणीचं लग्न जमत असेल तर काय बिघडलं? तिघी हसलो. घरी येतानाही हसत होतो. तेवढं हसणं नंतर आपल्या घरात कधी झालं नाही.

दुसऱ्या वर्षापासून उंची परत मोजलीच नाही. कार्डावर 'पूर्वीप्रमाणे' एवढं लिहायचं.

तिसऱ्या वर्षी मशीनच्या कंपनीची माणसं आम्हाला शिकवायला आली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मशीन दंडापासून घोट्यापर्यंतचं अंतर मोजत नाही गं. नस किती लांब असेल ते उंचीवरून ठरवतं. उंची कमी लिहिली की वाट कमी धरली जाते, वाट कमी की वेग कमी. म्हणजे उंच बाईला बुटकी लिहिलं की तिच्या नसा आहेत त्यापेक्षा मऊ दिसतात.

मी तिथे हात वर करायला हवा होता. नाही केला. गावानं विश्वासानं दिलेलं काम, सगळ्यांच्या देखत आकडा खोटा पुकारला हे कोणत्या तोंडानं सांगणार? आणि तेव्हा आई सोळाशेच्या घरात होती. अठराशेच्या पुढे गेलेल्यालाच जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, असा नियम. मी म्हटलं, कुठे सोळाशे नि कुठे अठराशे. पुढच्या वर्षी नीट करू. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. चुकीचं असंच असतं, पहिल्या दिवशी सांगितली तर चूक, तिसऱ्या वर्षी सांगितली तर गुन्हा.

२००६ च्या मे महिन्यात आईचा आकडा आला सतराशे ऐंशी. वीसनं वाचली. ती चिठ्ठी तिनं बाबांच्या फोटोपाशी ठेवली. जेवताना लोणच्याची वाटी पुढे ओढून म्हणाली, "मर्यादेत आहे हो मी, मशीननं सांगितलंय." मी काही बोलले नाही. माझ्या समोर तिनं तीन तुकडे खाल्ले आणि मी काही बोलले नाही.

फेब्रुवारीत ती दारासमोरचं बर्फ उपसताना पडली. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी पाकिटाच्या मागच्या बाजूला गणित केलं. एकशे सत्तर धरून. अठराशे शेहेचाळीस.

तू विचारलंस ना, तू काय मोजत होतीस? हे मोजत होते. माझाच खोटेपणा मोजत होते, आणि तो मर्यादेत येत होता.

आता तुझं. तुझी उंची एकशे एकाहत्तर आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी खांबावर मीच खूण केली होती, ती अजून आहे. तिथल्या नर्सनं विचारलं असेल आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं तू एकशे त्रेसष्ट सांगितलंस. मी दोनदा लिहिलं होतं ना गं, पट्टी लावा म्हणून? पण का ते नाही लिहिलं. पुन्हा तेच केलं मी. खऱ्या उंचीनं तुझा आकडा होतो अठराशे त्रेचाळीस. आईच्यात आणि तुझ्यात तीनचा फरक. आणि तू तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असताना.

ह्या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात तो किमोनो आहे. खांद्यापासून खालच्या काठापर्यंत जितकी बाई तितका किमोनो, घालताना उरलेलं कमरेशी दुमडायचं, हे आपल्याला शिवताना आईनंच शिकवलं. मी परवा तो पसरून पट्टी लावली. बरोबर एकशे सत्तर. लोकांसमोर गुडघे वाकवले, पण कापड कापताना तिनं खोटं माप घेतलं नाही. मी घातला तर तो जमिनीवर लोळतो. तू घालून बघ. नीट बसला तर माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, किमोनोवर ठेव. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा.

मला माफ कर असं लिहिणार होते. नाही लिहीत. आधी जा. माझा राग करायला तू जिवंत तर हवीस.

तुझी ताई


२१ जानेवारी २०१८

चिझु,

पार्सल पोचल्याची पावती टपालखात्यानं पाठवली. तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे. ह्या पत्राचंही उत्तर मागत नाही, फक्त सांगते.

डॉक्टरांना सांगितलं. तुला लिहिल्यावर मला कोणाचीच भीती वाटेना. मोरिवाकी डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मग विचारलं, "फुमियो-सान, आणखी किती?" मी म्हटलं, "खोटं पुकारलं ते दोघींचंच. पण 'पूर्वीप्रमाणे' सगळ्यांचंच आहे." मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, "स्टूल कुठे आहे?"

मग मी ते विचारलं, जे अकरा वर्षं विचारलं नव्हतं. तेव्हा पाठवलं असतं तर आई वाचली असती का? म्हणाले, "एका आकड्यावर कोणाचं मरण ठरत नाही. औषध मिळालं असतं, कदाचित पडली नसती. कदाचित पडलीच असती. हजार माणसांबद्दल मी सांगू शकतो, एकीबद्दल नाही." मला वाटलं होतं, ते हो म्हणाले तर मी मरेन आणि नाही म्हणाले तर सुटेन. तसलं काही झालं नाही. मी घरी येऊन भात लावला.

आता रोज सभागृहात सगळ्या गावाची उंची नव्यानं मोजतोय. काय गोंधळ म्हणून सांगू! गेनसाकु आजोबा पाच सेंटीमीटर आक्रसलेत. आधी चिडले, "तुझी पट्टी ताणलीय!" मग मी त्यांना सांगितलं की उंची कमी झाली तर वेगही कमी होतो, नसांचं वय आणखी दोन वर्षांनी खाली येईल. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतायत, "बुटके व्हा, बुटके व्हा." नोबु काकू सत्त्याऐंशीची झाली, ती काठीला टेकून रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "मला सगळं माहीत होतं गं. हिसाशीच्या आईला मीच म्हटलं होतं, मुलगी जराशी वर आहे, बागेत उपयोगी पडेल." म्हणजे बघ. ज्या काकूसाठी आपण हे केलं, तिला पहिल्यापासून माहीत होतं.

मी मात्र रोज संध्याकाळी त्या स्टुलावर चढते तेव्हा समोर पट्टीपाशी तूच दिसतेस. एकोणचाळीस वर्षांची, पाठीला पोक काढून, हसू दाबत. मला तुझी इतकी आठवण येते की काय सांगू. बहीण एवढी दूर असू नये. रागावलेली असली तरी शेजारच्या घरात रागावलेली असावी, भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज तरी येतो.

दवाखान्यात गेली होतीस का? नुसतं हो किंवा नाही लिही. एक अक्षर पुरे. तेही नसेल लिहायचं तर हिसाशींना सांग फोनवर 'बागेत आहे' ऐवजी 'दवाखान्यात जाऊन आली, बागेत आहे' म्हणायला.

ताई


उवाजिमा, एहिमे
४ मार्च २०१८

ताई,

गेले होते.

किमोनो आल्यावर तीन आठवडे तो उघडला नाही. मग एक दिवस हिसाशी म्हणाला, पाहुणी आल्यासारखं ते पार्सल कोपऱ्यात किती दिवस बसवून ठेवणार? उघडला. आईच्या कपाटाचा वास अजून आहे त्याला. घातला. माझ्या घोट्याला बरोबर टेकला, एक बोट वर, बस. आरशासमोर उभी राहिले तर आई उभी होती. सरळ उभी, गुडघे न वाकवता. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मला इतकं रडू आलं की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी गेले. नर्स म्हणाली उंची सांगा, मी म्हटलं पट्टी लावा. एकशे एकाहत्तर. वेग अठराशे एकावन्न. वरचा रक्तदाब एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. गोळी सुरू केली आहे. तू पाठवलेलं लोणचं शेजारी देऊन टाकलं. किमोनोच्या घडीत लोणचं कोण पाठवतं गं, तेही नसांचं शिकवणाऱ्या बाईनं?

माफ केलंय असं समजू नकोस. सात वर्षं मी तुला निष्काळजी समजत होते. निष्काळजी नव्हतीस, सगळं माहीत असून गप्प होतीस, हे जास्त वाईट आहे. आईनं लोणचं खाल्लं आणि तू गप्प बसलीस, ते वाक्य मी रोज वाचते. अजून पचलेलं नाही.

पण ताई, खोटं बोलायची तुझी खोड काही गेली नाही. एवढं मोठं कबुलीचं पत्र, आणि त्यातही एक गाळलंस. रांगेत आई पुढे नव्हती. मी पुढे होते. मीच आधी तुझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, एकशे त्रेसष्ट म्हण, काकू ऐकतेय." तू पुकारलंस. आई माझ्या मागे होती, ती हसली आणि म्हणाली, "मग माझीही तेवढीच म्हण. पोरीपेक्षा आई उंच कशी दिसेल?" मला सगळं आठवतं. तुलाही आठवतं. तू मुद्दाम फिरवून लिहिलंस, म्हणजे माझ्या वाट्याला काही येऊ नये. लहानपणी बशी मी फोडायची आणि मार तू खायचीस, तसंच.

ह्या वेळी नको. माझं मला ठेवू दे.

हिसाशीला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, डोळे काही फुटले नव्हते त्याचे. उंच बायको म्हणजे संत्री काढायला शिडी नको, म्हणून खूश होता म्हणे.

मे महिन्याच्या तपासणीला मी येणार आहे. सोबत पेटी आणीन, तुझ्या नावाची. सभागृहात सगळ्या बायकांच्या रांगेत उभी राहीन आणि गुडघे वाकवणार नाही. तू स्टुलावर चढ आणि माझा आकडा पुकार. नीट मोठ्यानं पुकार, मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

मग आपण दोघी आईकडे जाऊ. तिथे स्टूल लागणार नाही. तिचाही एकदा पुकार.

चिझुरू